मौन, प्रकार तीन-ब

इल्वा बुर्स्त्रोमला कुणी विचारलं, "तू काय काम करतेस?" तर ती आधी खिडकीबाहेर बघायची आणि मग म्हणायची, "विद्यापीठात आहे." एवढ्यावर समोरच्याचं समाधान झालं तर ठीक. पण एखादा चिवट निघाला आणि "म्हणजे शिकवतेस?" असं पुढे विचारू लागला की तिची पंचाईत. ती शिकवत नव्हती. शिकतही नव्हती. संशोधन करते म्हणावं, तर संशोधन दुसऱ्याचं. व्यवस्थापनशास्त्राच्या विभागात ती संशोधन-साहाय्यक होती. म्हणजे दुसऱ्याला पडलेले प्रश्न तिसऱ्याला विचारायचे आणि आलेली उत्तरं चौथ्याला वाचता येतील अशी लिहून ठेवायची. सतरा वर्षं ती हे करत होती. तिच्या आईने शेजारणींना सरळ सांगून टाकलं होतं, "आमची इल्वा टायपिंग करते." आणि खरं सांगायचं तर आजवरच्या सगळ्या व्याख्यांत हीच सत्याच्या जास्तीत जास्त जवळ होती.

सतरा वर्षांत तिने कुणाकुणाची बोलणी कागदावर उतरवली असतील याला गणती नाही. बसचालक, दातांचे डॉक्टर, मासे गोठवण्याच्या कारखान्यातले फोरमन, बुडालेल्या एका स्की-कंपनीचे तीन माजी संचालक. हे तिघेही एकमेकांना दोष देता देता रडले होते आणि तिने ते इमानेइतबारे कंसात "रडतो" असं नोंदवलं होतं. "आम्ही सगळे इथे एक कुटुंब आहोत" हे वाक्य तिने इतक्या वेळा टाइप केलं होतं, की बोटं आपोआप चालायची. ज्या कंपनीत हे वाक्य जास्त वेळा येतं तिथली माणसं वर्षभरात कमी होतात, हा तिचा स्वतःचा शोध. तो तिने एकदा जेवणाच्या टेबलावर गमतीने सांगितला. सगळे पोट धरून हसले. दोन वर्षांनी तो एका लेखात आला, कोष्टकासकट. लेखाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत आभार मानले होते इ. बेर्गस्त्रोम यांचे.

"बेर्गस्त्रोम कोण?" इल्वाने विचारलं.

"अगं, तूच की," लेखक म्हणाला. "छपाईची चूक. पण आभार तुझेच आहेत हं."

आता सतरा वर्षं म्हणजे बाई कायम झालीच असणार, असं कुणालाही वाटेल. तिथेच तर मेख आहे. स्वीडनचा कायदा कामगाराच्या बाजूचा. ठरावीक दिवस भरले, की हंगामी माणसाला कायम करावंच लागतं. आणि विभाग कायदा पाळणारा. म्हणून इल्वाचे दिवस भरत आले, की विभाग तिला घरी पाठवायचा. बाळंतपणाला पाठवतात ना, अगदी तशा मायेने. हिरव्या आवरणाचा केक यायचा, विभागप्रमुख दोन शब्द बोलायच्या, सगळ्यांनी सह्या केलेलं कार्ड मिळायचं, आणि इल्वा काही महिने 'क्वारंटाईन'मध्ये जायची. हो, हाच शब्द. महामारी येण्याच्या कितीतरी आधीपासून विद्यापीठात तो रुळला होता. मग ती दुसऱ्या प्रकल्पाच्या नावाने, दुसऱ्या पदावर, पण त्याच खुर्चीत परत यायची. असे नऊ केक झाले होते. शेवटचे दोन तिने स्वतःच आणले, कारण कुठल्या बेकरीत ताजा मिळतो हे विभागात आता तिलाच ठाऊक होतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. यंदा प्रोफेसर क्लास विडेगोर्डने शब्द दिला होता.

क्लास खरोखरच क्लास माणूस. दक्षिणेकडून आलेला, उंच, गळ्यात कायम मफलर, आणि बोलणं इतकं मऊ की नकार दिला तरी माणूस आभार मानून बाहेर पडे. एप्रिलमध्ये इल्वा क्वारंटाईन संपवून रुजू झाली त्या दिवशी तो स्वतः तिच्या खोलीत आला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला.

"इल्वा, जानेवारीत पीएच.डी.ची जागा निघेल. चार वर्षांची, पगारी. निधी मिळाला की लगेच. जाहिरात द्यावी लागते, पण ती मी लिहिणार. तुझ्याशिवाय कुणाच्या अंगाला बसणारच नाही अशी लिहीन."

"माझ्या अंगाला? मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, क्लास."

"मग वय लिहिणार नाही," तो म्हणाला.

इल्वाकडे स्वतःचा एक प्रश्न होता. तो तिने अकरा वर्षं जपून ठेवला होता. मुलाखत संपते, रेकॉर्डर बंद होतो, माणूस कोट चढवतो, दाराशी जातो आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबतो. मग जे बोलतो ते आधीच्या तासाभरापेक्षा खरं असतं. ते कुठेच नोंदलं जात नाही. सगळ्या संस्थांची खरी हकिगत अशी दाराच्या मुठीशी सांडलेली आहे, ती कुणीतरी गोळा करायला हवी, असं तिला वाटे. चार वर्षं मिळाली तर ती हे करणार होती. पहिल्यांदाच प्रश्नही तिचा, आणि लेखावर नावही तिचं, शुद्धलेखनासकट.

पण ती जागा उभी होती क्लासच्या नव्या निधीवर, निधी उभा होता त्याच्या नव्या सिद्धांतावर, आणि सिद्धांत उभा होता ग्रानट्रेस्कच्या धुलाईखान्यावर.

ग्रानट्रेस्क हे किनाऱ्यापासून तीन तास आत, जंगलातलं गाव. तिथे प्रांतातल्या सगळ्या रुग्णालयांच्या चादरी आणि डॉक्टरांचे डगले धुतले जायचे. छत्तीस माणसं कामाला, त्यांतल्या एकतीस बायका. प्रांताच्या आरोग्य खात्याने ठरवलं, की तिथे फोरमन काढून टाकायचे आणि बायकांनी गट करून कामाची वाटणी आपली आपण करायची. माणसं तयार असली तर धुलाईखाना राहील, नसली तर विचार करावा लागेल. माणसं तयार आहेत का हे बघायला क्लासला नेमलं. इल्वा तेव्हा क्वारंटाईनमध्ये. म्हणून क्लासने स्वतःच मार्च महिन्यात घरबसल्या, संगणकावरून छत्तीस मुलाखती घेतल्या. माणसांची ओळख गुप्त राहावी म्हणून कॅमेरे बंद ठेवले. मजकूर टाइप करायलाही आता माणूस लागत नाही. यंत्र ऐकतं आणि यंत्रच लिहितं.

यंत्राने लिहिलेलं वाचून क्लासला रात्रभर झोप आली नाही म्हणतात. कारण प्रश्न चौदा. "नवी पद्धत तुम्हाला चालेल का?" आणि उत्तरादाखल पानामागून पान एकच शब्द, चौकटीच्या कंसात: मौन. मौन. मौन.

आता उत्तरेची माणसं अबोल, हे स्वीडनमध्ये पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण असं अबोल! क्लासला त्यात थंड, खोल, सामुदायिक विरोध दिसला. "मूक प्रतिकार" असं त्याने त्याला नाव दिलं. ऑगस्टमध्ये खात्याला अहवाल दिला, एका मोठ्या नियतकालिकाकडे लेख धाडला, निधीचा अर्ज केला. त्याआधी मेपासूनच इल्वाला काम दिलं होतं मौनांचं वर्गीकरण करण्याचं. मौनाला अनेकवचन असतं हे तिला तेव्हाच कळलं.

ती उन्हाळाभर कानाला हेडफोन लावून शांतता ऐकत बसली. एकूण चारशे अकरा मौनं. तिने प्रत्येकाचे सेकंद मोजले आणि सहा प्रकार पाडले. एक, विचारमग्न. दोन, थकलेलं. तीन, प्रतिकाराचं, त्यात पुन्हा तीन-अ उघड आणि तीन-ब दबलेलं. वगैरे.

समोरच्या टेबलावरचा राउनो केट्टुनेन हे सगळं बघत होता. राउनो फिनलंडचा. आखात ओलांडून चाळीस वर्षांपूर्वी आलेला, आता निवृत्तीला टेकलेला आणि कायम असल्यामुळे वाटेल ते बोलणारा.

"मौन उघड कसं असतं गं?" त्याने विचारलं.

"समोरचा रोखून बघत असला, की उघड."

"पण कॅमेरे बंद होते ना?"

"म्हणून तर सगळी तीन-बमध्ये गेली."

राउनोने कपाळाला हात लावला. "तरी बरं, आम्हा फिन लोकांच्या मुलाखती नव्हत्या. तुझं आयुष्य गेलं असतं."

ऑक्टोबरात लेख स्वीकारला गेला. त्याच महिन्यात खात्याने जाहीर केलं, की ग्रानट्रेस्कचा धुलाईखाना फेब्रुवारीत बंद होणार. पत्रकात "कर्मचाऱ्यांची बदलाला अपेक्षित साथ दिसून आली नाही" असं वाक्य होतं. प्रांताच्या सभेत डिसेंबरात त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायचं बाकी होतं.

नैतिकतेच्या समितीला दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, की निष्कर्ष संबंधितांना समक्ष जाऊन सांगितले जातील. समक्ष जाणं हे साहाय्यकाचं काम. म्हणून नोव्हेंबरात इल्वा अहवालाच्या चाळीस प्रती घेऊन बसमध्ये बसली. तिचं स्वतःचं गाव त्याच रस्त्यावर. आई गेल्यापासून तिथे उतरायचं काही कारण उरलं नव्हतं. बस थांबली आणि पुढे निघाली.

धुलाईखान्याच्या कॉफीच्या खोलीत तिचं स्वागत जितकं वाईट व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले. मग बायकांनी प्रती उघडल्या. एकेका डोक्यावर केसांची जाळी, एकेका नाकावर चष्मा, आणि अशी शांतता की इल्वाच्या हाताने सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली.

सगळ्यांत आधी बोलली डाग्नी सुंडेलिन. मोठ्या इस्त्रीयंत्रावर चौतीस वर्षं काढलेली बाई.

"सहभागी क्रमांक सात. ही मीच ना?"

"ते मला सांगता येत नाही. नावं गुप्त आहेत."

"हे बघ पोरी, चौतीस वर्षं नोकरी, दोन्ही गुडघे बदललेले आणि नवरा वीजकेंद्रावर. या गावात आणखी कोण आहे असं? गुप्त म्हणे!"

बायका हसल्या. डाग्नी नाही हसली. तिने ओळीवर बोट ठेवलं. "प्रश्न चौदा. चार सेकंद मौन, कंसात तीन-ब. तीन-ब म्हणजे काय?"

"दबलेला प्रतिकार," इल्वा म्हणाली.

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा?" डाग्नीने चष्मा काढला. "आजवर माझं काही दबलेलं ऐकलंय का कुणी? ए, मी दबते का?"

"यंत्र बंद पडलं तरी हिचा आवाज चालू असतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग? मी गप्प कशाला बसेन? मी तर हो म्हणाले!"

"रेकॉर्डिंगमध्ये तसं काही नाहीये, डाग्नी. मी स्वतः ऐकलंय. तिथे काहीच नाही."

"आता काय सांगावं! तो गृहस्थ विचारत होता, चालेल का. मी म्हटलं—" आणि डाग्नीने ओठांचा चंबू केला आणि हवा झटक्यात आत ओढली.

शुप्.

गरम चहाचा भुरका मारावा तसा आवाज, फक्त चहाशिवाय. तिकडच्या उत्तरेत 'हो' म्हणायची हीच रीत आहे. बाकी जगात माणसं शब्द बाहेर टाकतात. इथे 'हो' आत घेतात. थंडीत तोंड कशाला उघडायचं, असं काही असेल. इल्वाची आई असंच म्हणायची, बाप असंच म्हणायचा, लग्नाच्या वेदीपुढे तिचा मामा असंच म्हणाला होता आणि दक्षिणेकडून आलेल्या पाद्रीने घाबरून त्याला पाणी दिलं होतं.

"कळलं का?" डाग्नीने विचारलं.

"शुप्," इल्वा म्हणाली. आणि तो आवाज स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला.

मग एकेक बाई आपला क्रमांक शोधू लागली. "मी बावीस. मी पण हो म्हणाले." "मी दोनदा म्हणाले, हे बघ, दोन वेळा तीन-ब." "मला तर फोरमन नकोच होता, मी केवढ्यांदा ओढला श्वास!" खोलीभर शुप् शुप् शुप्. एखाद्या कळपाने पाणी प्यावं तसं.

"म्हणजे आम्ही हो म्हटलं आणि तुम्ही ते नाही असं लिहिलंत," डाग्नी हळूच म्हणाली. "आणि तू तर इकडचीच दिसतेस."

इल्वा उरलेल्या प्रती पिशवीत भरू लागली. हे मौन कुठल्या प्रकारचं, ते तिने मोजलं नाही.

परत आल्यावर तिने खात्री करून घेतली. मुलाखतींसाठी वापरली होती त्याच पद्धतीने डाग्नीला संगणकावरून फोन लावला.

"डाग्नी, तिकडे बर्फ पडतोय का?"

हेडफोनमध्ये निव्वळ शांतता.

"काही बोललीस का?"

"बोलले की. हो म्हटलं."

प्रकार असा, की ते यंत्र आवाज स्वच्छ करून देतं. कुत्रं भुंकलं, पंखा घरघरला, कुणी धापा टाकल्या, तर ते सगळं पुसून टाकतं. श्वास म्हणजे कचरा. तीन-बमध्ये गेलेले दोनशे अठ्ठ्याण्णव 'हो' त्याने झाडून काढले होते, आणि जिच्या घरात सगळेच असं 'हो' म्हणत आले, ती बाई उन्हाळाभर त्या झाडलेल्या जागेचं माप घेत बसली होती. तिलाही शंका आली नाही. कारण उत्तरेची माणसं अबोल असतात, हे तिने इतक्या लेखांत टाइप केलं होतं की तिचा त्यावर विश्वास बसला होता.

राउनोला तिने सगळं सांगितलं. त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"क्लासला सांगणार?"

"सांगायला नको?"

"निधीचा निकाल कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"मग गप्प बस. तू सहा प्रकार शोधून ठेवलेत ना, त्यांतल्या कुठल्याही प्रकाराने गप्प बस. तीन आठवडे. निधी मिळू दे, जागा मिळू दे, मग मार बोंब."

"डिसेंबरात सभा आहे, राउनो. आत्ता कळवलं तर धुलाईखाना वाचेल. ती माणसं तयार आहेत! सगळी!"

"आणि तू?"

"माझं काय?"

"हे तुझं नेहमीचं. सतरा वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. कुणीतरी टाइप करून ठेवायला हवं."

चार दिवस ती गप्प बसली. त्या चार दिवसांत तिने पीएच.डी.चा अर्ज उघडला, दाराच्या मुठीवरचा तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि तो तिला पहिल्यांदाच बरा लिहिलेला वाटला. पाचव्या दिवशी दहाच्या कॉफीच्या वेळी ती क्लासच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

क्लासने सगळं ऐकलं. मध्येच त्याने मफलर काढला. त्याच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं, हे तेव्हा प्रथम दिसलं.

"हे फार इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. विद्यापीठात या वाक्याचा अर्थ घर जळतंय असा होतो. "तो आवाज मला माहीत आहे गं. आम्ही शाळेत नकला करायचो त्याच्या. पण माझ्या डोक्यात एकदाही..." तो थांबला. "तळटीप चालेल का? 'काही होकार क्षीण आवाजात असण्याची शक्यता नाकारता येत नाही', असं काहीसं?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव, क्लास."

"हो. दोनशे अठ्ठ्याण्णव. तळटिपेत मावणार नाहीत." त्याने मफलरची घडी घातली. "लेख मागे घेतला तर निधीचा अर्जही घ्यावा लागेल. मग जागा..."

"माहीत आहे."

"तुला खात्री आहे?"

"नाही," इल्वा म्हणाली. "पण खरं ते आहे."

क्लास वाईट माणूस असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याने नकार दिला असता, इल्वा भांडली असती, राउनोने दार आपटलं असतं. पण क्लास भला माणूस. त्याने त्याच दुपारी संपादकाला लिहिलं, निधीवाल्यांना लिहिलं, आणि आरोग्य खात्याला सहा पानांची दुरुस्ती पाठवली: कर्मचारी बदलाला तयार आहेत, जवळजवळ एकमताने. पत्राखाली त्याने इल्वाचंही नाव घातलं. अचूक.

खात्याचं उत्तर आठवड्याभरात आलं. अतिशय सौजन्याचं. दुरुस्तीबद्दल मनःपूर्वक आभार. तथापि प्राध्यापक महोदयांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण अहवालाचा निर्णयावर परिणाम झालेला नाही. धुलाईचं काम किनाऱ्यावरच्या एका कंपनीला देण्याचं मे महिन्यातच ठरलं होतं.

इल्वाने खात्याच्या दप्तरात फोन करून कागद मागवला. सरकारी कागद मागेल त्याला मिळतो, तोही कोण, कशाला हे न विचारता. वीस मिनिटांत आला. तारीख चौदा मे. चौदा मेला ती पहिल्याच मुलाखतीतलं तिसरं मौन मोजत होती.

तिने डाग्नीला फोन केला. यावेळी साध्या टेलिफोनवरून.

"आम्हाला अंदाज होताच," डाग्नी म्हणाली. "मेमध्ये दोन माणसं आली होती, भिंती मोजायला. यंत्रं बाहेर काढायला दार पुरेल का बघत होती."

"मग तू मला सांगितलं का नाहीस? त्या दिवशी?"

"तू इतक्या लांबून आली होतीस पोरी. तुझ्या तोंडावर केवढा उजेड पडला होता. म्हटलं, जाऊ दे, हिला तरी वाटू दे." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुझ्या नोकरीला काही धोका नाही ना यात?"

"नाही नाही," इल्वा म्हणाली.

डिसेंबरात सभेत शिक्कामोर्तब झालं. विषय एकोणिसावा, चर्चा नाही. जानेवारीत जाहिरात निघाली नाही. निघणार नव्हतीच, तरी इल्वा महिनाभर रोज सकाळी विद्यापीठाचं ते पान उघडून बघत होती. जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी. कुणी तिच्यावर चिडलं नाही. उलट विभागाच्या बैठकीत तिच्या प्रामाणिकपणाचा उल्लेख झाला आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. सगळे तिच्याशी इतकं हळू बोलू लागले, की घरात कुणी गेलंय असं वाटावं. लेख मागे घेतल्याची सूचना छापून आली. सतरा वर्षांत तिचं नाव लेखकांत प्रथमच छापलं गेलं ते तिथे.

"अभिनंदन," राउनो म्हणाला. "न लिहिलेल्या लेखाची लेखिका झालीस." मग त्याला वाटलं हे फार झालं. तो उठला आणि काही न बोलता तिच्यासाठी कॉफी घेऊन आला. चाळीस वर्षांत त्याने कुणाला कॉफी आणून दिल्याची नोंद नाही.

फेब्रुवारी अखेरीस तिचे दिवस भरत आले. शेवटच्या आठवड्यात क्लास तिच्या खोलीत आला. कोपऱ्यावर टेकला नाही, उभाच राहिला.

"इल्वा, एक विचारू का? एक छोटा निधी मिळालाय. अगदीच छोटा. विषय असा आहे, की संस्था आपली चूक कशी स्वीकारतात." तो अवघडला. "म्हणजे हे जे आपल्याकडे झालं ते. हे फार दुर्मीळ उदाहरण आहे गं. कुणीच असं करत नाही."

"आणि त्यात मला साहाय्यक म्हणून...?" एवढं बोलून इल्वा थांबली. आवाजात काय आलं होतं ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"नाही, तुला तर आता क्वारंटाईन. नियमच आहे. आणि शिवाय," क्लासच्या कानाची पाळी लाल झाली, "तू संशोधकांत असलीस तर तुझी मुलाखत घेता येणार नाही. मला तुझी मुलाखत हवीय. तू पहिली सहभागी."

"सहभागी क्रमांक एक."

"नाव गुप्त राहील."

इल्वाला हसू आलं. खरोखरचं, पोटातून. चिडायला एखादा माणूस लागतो, आणि तिच्यासमोर फक्त क्लास होता, दुःखी, मफलर गुंडाळलेला, हातात संमतीपत्र घेऊन उभा. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. आणि हो म्हटल्याने तिचं आणखी काही जाणार नव्हतं.

तिने कागद घेतला. मसुदा ओळखीचा होता. सात वर्षांपूर्वी तिनेच केला होता आणि तेव्हापासून विभाग तोच वापरत होता. तरी तिने तो सगळा वाचला, पहिल्यांदाच सही करणाऱ्याच्या बाजूने. 'आपला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. कोणतेही कारण न देता आपण केव्हाही बाहेर पडू शकता.' त्यापुढच्या वाक्यात एक अक्षर चुकलं होतं. सात वर्षं ते तसंच चालू होतं, आणि शेकडो माणसांनी त्याखाली सह्या केल्या होत्या.

तिने पेन उघडलं, ते अक्षर दुरुस्त केलं, समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मूळ प्रतीतही बदलावे', आणि खाली सही करून कागद क्लासला दिला.

"मंगळवारी दहा वाजता जमेल?" त्याने विचारलं.

तिने डायरी काढली. मंगळवार मोकळा होता. त्यापुढचे सगळेच वार मोकळे होते.